खुर्ची बघायला आली

आमच्या गावात माणूस खुर्ची बघायला जात नाही. चाकाची खुर्ची माणसाला बघायला येते, आणि माणूस पसंत पडला तरच त्याच्याकडे राहते.

मी केरबा. गवंडी. गावातल्या बऱ्याच घरांचे चौथरे आणि पायऱ्या माझ्या हातच्या आहेत. परांचीवरून पडलो, तेव्हापासून कमरेखाली जोर राहिला नाही. भिंत धरून मोरीपर्यंत जातो. त्यापुढचं गाव मी तेव्हापासून पाहिलेलं नाही.

सुवर्णा, माझी लेक, तिच्या नव्या घराची वास्तुशांत अक्षय्य तृतीयेला ठरली. जावई सांगायला आले. म्हणाले, अण्णा, काळजी करू नका, आम्ही चौघं तुम्हाला उचलून आणतो. मी सांगितलं, माणसाला चौघांनी उचलायची एकच वेळ असते आणि ती माझी अजून आलेली नाही. खुर्ची मिळाली तर येईन. नाही मिळाली तर तुमचं घर तुम्ही बघा.

जावई चहा न पिता गेले. हौसा, माझी बायको, दुसऱ्या दिवशी साधन केंद्रात जाऊन माझं नाव देऊन आली. तिथल्या शिकलगार मॅडम स्थळं जुळवतात.

पहिलं स्थळ बॅटरीवरचं होतं. तिने आमचा बोळ पाहिला, घरातली वायर पाहिली, रात्री लाइट किती वेळ असते ते विचारलं आणि दारातूनच निरोप घेतला. दुसरी दवाखान्यात वाढलेली, रुंद आणि जड. मागे ढकलणारा माणूस कायम लागेल म्हणाली, सवयच तशी आहे. मी नाही म्हटलं. हौसा म्हणाली, या वयात तुम्ही स्थळं नाकारायला लागलात.

तिसरी रविवारी आली. बरोबर शिकलगार मॅडम आणि एक जुनी खुर्ची, तिची मावशी. मॅडमनी दोघींना एकेक करून पायरीवरून उचलून आत घेतलं. हौसाने पोहे केले होते. खुर्च्या पोहे खात नाहीत, पण बघण्याचा कार्यक्रम म्हटल्यावर करावे लागतात. मॅडमनी खाल्ले. मला हौसाने धुतलेली टोपी घातली आणि कमी बोलायला सांगितलं.

खुर्ची सडपातळ होती. घडीची, काळ्या बैठकीची. चाकांच्या कड्या हाताने झिजलेल्या. तिने रीतीप्रमाणे विचारलं. कोणत्या हातात जोर जास्त आहे, खाटेवरून आपले आपण सरकता का, मोरीचं दार किती रुंद. मॅडमनी टेप लावून माझं कमरेचं माप घेतलं. दोन्ही बाजूंना दोन बोटं जागा सुटली पाहिजे, नाहीतर अंग घासतं. मग गुडघ्यापासून टाचेपर्यंतचं माप घेतलं, पाय ठेवायची पट्टी त्यावर बसते. मावशी म्हणाली, बांधा बरा आहे.

मग खुर्ची म्हणाली, "जरा चालून दाखवता?"

चारचौघांत मला कोणी असं विचारलं तर मी चालणार. मी उठलो. कशालाही हात न लावता खाटेपासून दारापर्यंत गेलो, वळलो आणि परत येऊन बसलो. डोळ्यांपुढे काळोख आला होता, पण चेहऱ्यावर दिसू दिला नाही. हौसा पदराचं टोक पिळत उभी होती.

आठवड्याने निरोप आला. पत्रिका जुळत नाही.

मॅडमनी हौसाला खरं कारण सांगितलं. खुर्चीचं म्हणणं होतं की माणूस चालतो. मला तिथे कोपऱ्यात उभं करतील आणि अंगावर धुणं वाळत घालतील. माझ्या एका मैत्रिणीचं तसंच झालं.

हौसाने ते मला जेवताना सांगितलं. मग म्हणाली, "मला बघायला आला होतात तेव्हा तुम्ही मला अंगणात चालायला लावलंत. पाय बघायचे होते ना. मी नीट चालले म्हणून पसंत पडले. इथे उलटं असतं, एवढं तुम्हाला कळू नये?"

मी भाकरी खाल्ली. तिने अजून एक वाढली, ती पण खाल्ली. अक्षय्य तृतीया जवळ आली होती.

नकार आल्यावर पुन्हा बघायला बोलवायची आमच्याकडे रीत नाही. तरी हौसा केंद्रात गेली. काय बोलली मला माहीत नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी खुर्ची एकटीच आली आणि पायरीखाली थांबली. बोळातल्या बायका निवडायची सुपं घेऊन आपापल्या दारात बसल्या. मी खाटेवर होतो. दार उघडं होतं.

खुर्ची म्हणाली, "मिस्त्री, चालून दाखवा."

सुपांचा आवाज थांबला.

"मला चालता येत नाही," मी म्हणालो.

हे मी कधी बोललो नव्हतो. घरात नाही आणि डॉक्टरलाही नाही.

"मोरीपर्यंत कसे जाता?"

"भिंत धरून."

"पडता का?"

"पडतो."

हौसाने माझ्याकडे पाहिलं. तिला तिच्यासमोरचं पडणं तेवढं माहीत होतं.

खुर्ची पायरीला चाकं टेकेपर्यंत पुढे आली. मग म्हणाली, मला पसंत आहेत. हौसाने डोळे पुसले आणि लगेच व्यवहारावर आली. देण्याघेण्याचं काय, मानपान काय, ते आत्ताच बोला म्हणाली, मागून कुरबूर नको. खुर्ची म्हणाली, काही नको, एकच अट आहे. त्या दिवशी मॅडमनी उचललं ते मी चालवून घेतलं, पुन्हा नाही. कुठल्याही घरात मला कोणी उचलून नेलेलं मी सहन करणार नाही.

अट मला पटली.

"ही पायरी कोणी बांधली?" तिने विचारलं.

"मी."

"चांगली बांधली आहे. उंच आहे."

"पावसाचं पाणी आत येऊ नये म्हणून."

"पाणी येत नाही," खुर्ची म्हणाली. "मीही येत नाही."

हौसा आणि शेजारणींनी मला धरून पायरी उतरवलं आणि खुर्चीत बसवलं. दोन्ही बाजूंना दोन बोटं जागा होती. पाय पट्टीवर बरोबर टेकले. मी छिन्नी-हातोडा मागितला. घमेलं मांडीवर घेतलं. खुर्चीने ब्रेक लावून धरला आणि मी माझीच पायरी फोडली. ती लवकर फुटली नाही. एका सिमेंटला चारच वाळू, असा माल घातला होता.

तिच्या जागी बांधायच्या उतारावरून आमचं वाजलं. मी म्हणालो, एवढी लांबी कशाला, जागा वाया जाते. ती म्हणाली, एक वीत उंचीला बारा विती लांबी. मी म्हणालो, आठ पुरे. ती म्हणाली, "मिस्त्री, उतार बांधताय का घसरगुंडी?" बारा विती केला. बोळातल्या लोकांना वळसा पडतो, पण कोणी तक्रार केलेली नाही.

अक्षय्य तृतीयेला मी धुतलेलं धोतर नेसलो आणि माझ्या हाताने चाकं फिरवत सुवर्णाच्या घरी गेलो. हौसा मागून चालत होती. तिने एकदाही हात लावला नाही.

दारात दोन पायऱ्या होत्या, दुसऱ्या गवंड्याच्या. त्यांच्या खाली खुर्ची थांबली. जावई आणि तिघं जण बाह्या सरसावून पुढे आले. मी अट सांगितली. भटजी आतून म्हणाले, मुहूर्त निघून जातोय. जावयांनी माझ्याकडे पाहिलं, भटजींकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

सुवर्णा हळदीच्या हातांनी बाहेर आली. तिने पायऱ्या पाहिल्या.

"अण्णा आत आल्याशिवाय मी पाटावर बसणार नाही," ती म्हणाली. "काय लागेल ते सांगा."

अंगणात उरलेल्या विटा होत्या आणि सेंट्रिंगच्या फळ्या होत्या. मला उचलायला आलेले हात रिकामेच होते, त्यांना विटा उचलायला लावल्या. कुठे किती थर, ते मी बसल्या जागेवरून सांगितलं. पाहुण्यांच्या चपला रस्त्यापर्यंत सरकवाव्या लागल्या, कारण वितीला बारा विती. भटजींनी पंचांग पुन्हा काढलं आणि थोड्या वेळाने असलेला दुसरा मुहूर्त शोधला.

फळ्या बसल्यावर खुर्चीने पुढची चाकं टेकवून पाहिली. "चालेल," म्हणाली. मी कड्यांना जोर लावला आणि आत गेलो. सुवर्णाने भाकरतुकडा ओवाळून टाकला. माझ्यावरून एक आणि खुर्चीवरून एक.

पूजा झाल्यावर मी घर पाहिलं. खोलीखोलीतून फिरलो. दारं रुंद होती. गिलावा हात फिरवून पाहिला, बरा होता. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात बोटाने वाजवलं तर पोकळ आवाज आला. मी काही बोललो नाही. लेकीच्या घराचा पहिला दिवस होता.

"इथे पोकळ आहे," खुर्ची म्हणाली.

जावयांनी माझ्याकडे पाहिलं.

"तिचं बरोबर आहे," मी म्हणालो.

हौसा पुरणपोळीवर तूप वाढत होती. तिने वर न बघता सांगितलं, "आता असली दोघं झाली."