नानांना लेखी हुकूम लागतो

आमच्या खालापूरच्या तहसील कचेरीत नवा तहसीलदार रुजू झाला, की दुसऱ्याच दिवशी भागाजी नाना हजर होतात. ना सातबारा हवा असतो, ना दाखला. कडक सलाम ठोकून विचारतात, "साहेब, दंगा उसळला तर फौज कधी बोलवायची, ठाऊक हाय ना?" साहेब गोंधळून माझ्याकडे बघतात. मी तिथली कारकून. नाना कुंभिवलीतले माझे सख्खे शेजारी, त्यामुळे मी फायलीत तोंड खुपसते.

मग नानाच सांगतात. "आधी पोलीस. त्यांच्यानं नायच झालं, तर मॅजिस्ट्रेटनं, म्हंजी तुमीच, लिहून द्यायचं. तवा फौज. ती बी कमीत कमी बळ वापरनार. आन् साहेब, होता होईल तो लिहू नका."

नाना सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झाले, पण हा कायदा त्यांनी घरातही लागू केला आहे. वाळत घातलेल्या भातावरच्या कोंबड्या हाकायला नानींनी सांगितलं, की "हुकूम कोनाचा? लेखी हाय?" नानी बिचाऱ्या कॅलेंडरच्या पाठीवर लिहून देतात. मग नाना अंगणात उभे राहून कोंबड्यांना पहिला इशारा देतात, थांबतात, दुसरा देतात. "यांचं कमीत कमी बळ होईस्तोवर कोंबड्यांचं जेवन उरकतं," नानी म्हणतात. सरपंचांनी एकदा रस्त्यावरचे टेंपो हटवायला वर्दी घालून उभं राहा म्हटलं, तर नानांनी त्यांना तासभर कायदा ऐकवला. टेंपो तिथंच राहिले, सरपंच निघून गेले.

यंदा कबड्डीच्या फायनलला मात्र हसण्यासारखं काही नव्हतं. एका गुणावरून वरची आणि खालची आळी भिडली. पोरांनी मांडवाचे बांबू उपसले. पोलिसांना फोन गेला, पण ते हायवेच्या कोंडीत अडकलेले. सगळे नानांच्या मागे लागले, "वर्दी चढवून या. नुस्ते दिसलात तरी गप होतील." मीसुद्धा हात जोडले. त्या पोरांत माझा धाकटा भाऊ होता.

नाना घरात गेले आणि आले ते बनियन-लुंगीवर, खांद्यावर पंचा. सरळ मैदानाच्या मधल्या रेषेवर जाऊन बसले. दोन्हीकडून बांबू उगारलेले आणि मध्ये हे, गुडघा चोळत.

"नाना, उठा," माझा भाऊ ओरडला.

"गुडघा धरलाय रं. दोगं इकडचं, दोगं तिकडचं या आन् घरी न्या मला."

कुणी हलेना. नानाही हलेनात. माझा जीव नुसता टांगणीला. शेवटी भावानं बांबू टाकला, मग समोरच्यानं टाकला. बांबू हातात धरून म्हातारा उचलता येत नाही.

चौघांनी नानांना उचललं. वाटेत दोन्ही आळ्यांतल्या बायका चहाला हाका मारत होत्या आणि नाना प्रत्येक दाराशी वरात थांबवत होते. साखरेचा आजार असलेला हा माणूस सहा कप चहा प्यायला. घरी पोचल्यावर मी चिडले. "एवढे उद्योग करण्यापेक्षा वर्दी घातली असती तर काय बिघडलं असतं?"

नाना ओट्यावर टेकले. "आपल्याच मुलखात एका गावात आमाला उभं केलं व्हतं गं. लेखी हुकूम व्हता. गोळी एक नाय झाडली. पन बारा दिवस आमी गल्लीत शिरलो की दारं लागायची. माज्या आयच्या वयाची एक बाई, तिनं नातवाला पोटाशी धरलं आन् खिडकी लावून घेतली. पानी बी कुनी इचारलं नाय."

मला वाईट वाटलं, रागावल्याची लाजही वाटली. तेवढ्यात कोपऱ्यावरच्या घरातून हाक आली, "नाना, चहा टाकलाय." नाना लगबगीनं उठले आणि चालू लागले. मी अडवलं नाही.