गवतावरची होडी

"तीस वर्षांत माझ्या टेबलावरून एकही अपुरा अर्ज पुढे सरकलेला नाही!" मामा म्हणाले, आणि ताईच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर त्यांनी पेन असं आपटलं, की जणू ते टेबलही त्यांच्याच खात्याचं.

हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले मामा परदेशात ताईकडे दोन महिने राहायला आले होते. पंधरा दिवसांत त्यांनी घरातली औषधं तारखेप्रमाणे आणि चपला मापाप्रमाणे लावून टाकल्या. तेव्हा स्वतःच्या जिवाला जरा आराम म्हणून ताईनेच, भाची जात होती त्या उन्हाळी शिबिराचा स्वयंसेवकांचा अर्ज त्यांच्यापुढे ठेवला.

अर्जात प्रश्न एकच होता : तुम्हाला काय काय येतं? खाली बावीस चौकोन. जे येतं त्यावर खूण करायची.

मामांनी बावीसच्या बावीस चौकोनांत खुणा केल्या.

"अरे, तिरंदाजी?" ताई किंचाळली. "होडी? दोरावरून कडा चढणं? स्टुलावर चढताना मला धरायला बोलावतोस तू!"

"ताई, चौकोन रिकामा दिसला की अर्ज परत येतो. आणि आतलं वाचतंय कोण?"

वाचणारी निघाली. शिबिराच्या प्रमुख बाई सहा फूट उंच, गळ्यात शिट्टी. पहिल्याच सकाळी त्यांनी मामांचे दोन्ही हात धरून घुसळले.

"अहो, वीस वर्षांत असा माणूस मिळाला नाही! तुम्ही येणार म्हटल्यावर मी होडीवाल्या सरांना आठवडाभर सुट्टीच देऊन टाकली. आजपासून होड्या तुमच्या!"

मामा खरं सांगणार होते. तोंडही उघडलं होतं. पण शेजारीच दहा वर्षांची भाची तिच्या गटातल्या तेरा पोरांना सांगत होती, "हा माझा मामा. ह्याला सगळं येतं!"

मामांनी उघडलेलं तोंड जांभई दिल्यासारखं मिटलं.

"आधी पाया पक्का हवा," असं म्हणून त्यांनी होड्या तळ्यापासून दूर, गवतावर ओढून घेतल्या. चौदा पोरं लाइफ जॅकेट घालून रखरखीत उन्हात त्यात बसली. "एक! दोन! एक! दोन!" वल्ह्यांनी गवत असं काही भुईसपाट झालं, की माळी येऊन आभार मानून गेला. दुसऱ्या दिवशी होडी वळवण्याचा धडा झाला. होडी वळेना, म्हणून पोरंच वळून बसली. तिसऱ्या दिवशी होडी उलटली तर काय करायचं, हे सगळ्यांनी गवतावर ओळीने लोळून दाखवलं.

"झकास!" बाई म्हणाल्या. "शनिवारी पालक येतायत. तुमचा गट तळं ओलांडून दाखवेल. पहिल्या होडीत तुम्ही आणि भाची!"

पाण्याशी मामांची ओळख बादलीपुरती. ते तळ्याकाठी जाऊन उभे राहिले. दुरून निळं दिसणारं तळं जवळून चांगलंच काळं होतं. स्वतः बुडायला त्यांची फारशी हरकत नव्हती, वारसाचं नाव कधीच भरून झालं होतं. पण चौदा पोरं? मामा तडक कचेरीत गेले.

"बाई, मला होडी येत नाही. पोहताही येत नाही."

"तिरंदाजी?"

"नाही."

"कडा चढणं?"

"स्टूलसुद्धा नाही."

"मग बावीस खुणा कशाला केल्यात?"

"चौकोन रिकामे होते."

बाईंचा हात शिट्टीकडे गेला आणि, देवाची कृपा, तिथेच थांबला. त्यांनी होडीवाल्या सरांना फोन लावून रजेवरून परत बोलावलं. मग विचारलं, "तुम्हाला खरंच काय येतं?"

"अर्ज तपासता येतात."

त्याच दुपारी मामांनी पोरांच्या अर्जांतून घरचा फोन नंबर नसलेले नऊ शोधून काढले. एका आईने तर 'छंद' ह्या रकान्यात लिहिलं होतं, 'शेंगदाणे खाल्ले की अंगभर चट्टे'! बाईंनी मामांना आधी खुर्ची दिली, मग पंखा दिला, आणि संध्याकाळी चहा स्वतः आणून दिला. मामा खूश होते. फक्त भाचीला तोंड दाखवायचं बाकी होतं.

शनिवारी होड्या तळं ओलांडून आल्या, टाळ्या झाल्या, आणि भाची निथळत कचेरीत शिरली.

"अगं, तुला एक सांगायचंय," मामा खाली बघत म्हणाले. "मला होडी..."

"येत नाही. माहितीये."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून! वल्हं उलटं धरलं होतंस. सगळ्यांना कळलं."

"मग बोलली का नाहीस?"

"वेडा आहेस का? बाकीच्या गटांना सकाळी सहाला गार पाण्यात उतरवत होते! आम्ही चौदाजणांनी शपथ घेतली होती, कुणी तोंड उघडायचं नाही." तिने मामांच्या तपासलेल्या अर्जांवर वेणी पिळली. "ते होडीवाले सर काही कामाचे नाहीत, मामा. तू खरा नावाडी. तीन दिवसांत एकालाही भिजू दिलं नाहीस!"