वामनअण्णांची खालची पट्टी

पियानोवर त्या पाहुण्या मुलीने पहिला सूर दिला, आमच्या पोरांनी व्हायोलिनवर गज ओढले, आणि भरल्या सभागृहात असा आवाज झाला की पुढच्या रांगेतलं एक तान्हं मूल रडायला लागलं. त्या मुलाचा सूर पियानोशी आमच्यापेक्षा बरा जुळत होता.

पियानोचा सूर एका जागी आणि आमच्या अख्ख्या वाद्यवृंदाचा त्याच्या जरासा खाली. वामनअण्णांनी हात वर करून सगळं थांबवलं. मी स्टेजच्या कडेला मांडीवर पितळी परात घेऊन बसले होते. पोरं माझ्याकडे बघायला लागली, जसं काही मीच चुकले.

वामनअण्णा आमचे शेजारी. इथे कानडी मुलखात, चामराजपेटेत आमची दोन्ही घरं पिढ्यान्‌पिढ्यांची. सरकारी कारखान्यात त्यांनी सुटे भाग मोजून पास-नापास करायची नोकरी केली. रिटायर झाल्यावर मोजायला काही उरलं नाही, म्हणून जगाचा आवाज मोजायला लागले. त्यांच्या मते सगळं जग चढलेलं आहे. माझ्या कुकरची शिट्टी झाली की भिंतीपलीकडून येतं, "स्वल्प खाली!" म्हणजे थोडं खाली. रिक्षावाल्याने हॉर्न दिला की, "स्वल्प खाली, अप्पा!" मी भाजीवाल्याशी भांडत असले की खिडकीतून डोकं बाहेर. "भांडा अक्का, पण स्वल्प खाली."

"तुमच्या पट्टीत भांडले तर कोथिंबीर फुकट देईल का तो?"

"देईल की."

दिली नाही.

वाद्यवृंद सुरू झाला त्यांच्या गच्चीवर. त्यांचा मुलगा सुधीर तेव्हा शाळेत होता, बासरी छान वाजवायचा. गल्लीतली दोन पोरं व्हायोलिन शिकत होती आणि एक नुसताच डबा बडवायचा. अण्णांची बायको लवकर गेली होती. घरात बापलेक दोघेच, तेव्हा पोरांच्या गोंगाटाला नको म्हणणारं कोणी नव्हतं. नको म्हणणारी शेजारीण मी होते, माझं कोणी ऐकलं नाही.

पोरं वाढत गेली. आधी आमची मराठी, मग कानडी, तमिळ, उर्दू बोलणारी. गच्ची पुरेना म्हणून माझा हॉल घेतला, हॉल पुरेना म्हणून शाळेचा. आज निम्म्या पोरांना मराठी येत नाही, पण "स्वल्प खाली" सगळ्यांना कळतं.

मधल्या काळात सुधीर कंप्युटरच्या नोकरीत लागला. बापलेकांचं काहीतरी बिनसलं आणि तो कोरमंगलेत राहायला गेला. कशावरून बिनसलं ते दोघंही सांगत नाहीत, म्हणजे क्षुल्लकच असणार. कोरमंगला काही लंडन नव्हे. बस जाते. पण तो आला नाही आणि हे गेले नाहीत.

त्याच सुमारास अण्णांना नवा छंद लागला. घरोघर जाऊन भांडी वाजवून बघायचे. हंडे, घागरी, तपेली, सगळ्यांवर बोटाच्या पेराने टकटक. बायका म्हणाल्या, एकटेपणाने डोक्यावर परिणाम झाला. माझ्या स्वयंपाकघरात त्यांनी परातीवर टिचकी मारली आणि डोळे मिटून उभे राहिले.

"अक्का, हीच."

"हीच काय? मला पुऱ्या करायच्यात."

"पुऱ्या ताटात करा."

तेव्हापासून प्रत्येक सरावाला मी परात घेऊन बसते. मी डावाने ठोका द्यायचा आणि सगळ्यांनी आपल्या तारा त्या सुराला लावायच्या. आता प्रत्येक पोराच्या फोनमध्ये सूर देणारं यंत्र आहे. पण अण्णा म्हणतात, "फोनला चार्जिंग लागतं. अक्कांना चहा पुरतो."

त्यांचे आणखी दोन नियम होते. पेटी नाही आणि फुंकायचं वाद्य नाही. इथल्याच शिवाजीनगरहून एक मुलगी क्लॅरिनेट घेऊन आली, तिच्या हातात मँडोलिन दिलं. तिचा बाप भांडायला आला आणि दोन कप कॉफी पिऊन गेला. दुसरं म्हणजे, उजव्या कडेला एक खुर्ची नेहमी रिकामी. तिच्यावर एक लांबट कापडी पिशवी. मी एकदा माझी पर्स तिथे ठेवली.

"अक्का, रिझर्व आहे."

"कोणाला?"

"रिझर्व म्हणजे रिझर्व."

मला वाटलं, एखाद्या नगरसेवकाला असेल.

तर त्या दिवशी पहिल्यांदाच एवढं मोठं सभागृह मिळालं होतं, आणि पियानोची साथ ही आयोजकांची हौस. पियानोवाली ट्रॅफिकमध्ये अडकली, सराव झालाच नाही. आता कोटवाले आयोजक धावत स्टेजवर आले.

"सर, पोरांना तारा चढवायला सांगा. पाच मिनिटांचं काम. पियानो काही बदलता येत नाही."

पोरांनी खुंट्यांवर हात ठेवलेसुद्धा.

"नाही," अण्णा म्हणाले.

"मग कार्यक्रम कसा होणार? मुलांना खाली उतरवू का?"

शिवाजीनगरची मुलगी मँडोलिन छातीशी धरून रडायच्या बेतात आली. मी परात घेऊन तशीच उठले आणि त्यांच्याजवळ गेले.

"अण्णा, हट्ट कसला? तारा ओढायच्यात, दात नाहीत."

"तार चढते, अक्का," ते अगदी हळू म्हणाले. "बांबू चढत नाही."

मी खुर्चीकडे पाहिलं. पिशवीच्या तोंडातून बासरीचं टोक दिसत होतं. सुधीरची. घर सोडताना ठेवून गेलेला. बासरीचा सूर आहे तो आहे, वर-खाली होत नाही. म्हणून यांनी तोच सूर माझ्या परातीत शोधून काढला होता आणि इतकी पोरं त्या सुरावर थांबवून ठेवली होती. तो कधी दारातून आत आलाच तर त्याने खुर्चीत बसावं आणि वाजवायला लागावं. कोणाला काही बोलायला नको.

"आजचं कळवलंय का त्याला?"

"दर वेळी कळवतो."

"मग?"

अण्णांनी सभागृहाच्या दाराकडे पाहिलं. "ट्रॅफिक असतं," म्हणाले.

"सरी," म्हणजे बरं, मी म्हणाले. "तो आला की दुसरी बासरी घेऊ त्याला. ही पोरं आलेली आहेत."

बोलायला नको होतं असं काही मला वाटत नाही. ते खुर्चीपाशी गेले. पिशवी उचलली आणि माझ्या परातीत आणून ठेवली. खुर्ची ढकलून बाजूला केली. पोरांकडे वळले.

"मक्कळे," म्हणजे पोरांनो, "स्वल्प वर."

इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून हे कोणी ऐकलं नव्हतं. पोरं हसायला लागली. खुंट्या करकरल्या, एक तार तुटून अण्णांच्या चष्म्यावर बसली. मग पियानोवालीने पुन्हा सूर दिला आणि सगळी पोरं बरोबर त्याच्यावर येऊन बसली. तान्हं मूलही गप्प झालं. टाळ्या भरपूर पडल्या. आयोजकांनी स्वतःचंच अभिनंदन केलं.

परतताना रिक्षावाला चामराजपेट येईपर्यंत हॉर्न वाजवत होता. अण्णा एकदाही काही बोलले नाहीत. परात माझ्या मांडीवर होती आणि पिशवी पडू नये म्हणून त्यांनी तिच्यावर हात ठेवला होता.

गल्लीत अजून सांगतात, मोठ्या हॉलमध्ये त्या दिवशी आमची पोरं नाचक्कीतून थोडक्यात वाचली. पोरांना काही झालं नव्हतं. झालं ते वामनअण्णांना, ती खुर्ची हलवताना.