शेपटीवरच्या बर्फाचा मान

हिमालयातल्या त्या छोट्या विमानतळावर विमानाला चिकटून येणाऱ्या बर्फालाही प्रवासीच मानतात, आणि उतरण्याआधी त्याची यादीत नोंद करून रीतसर विचारपूस करावी लागते. नियम जाचक आहे खरा, पण तो मोडून आजवर कुणी धड उतरलेलं नाही.

कॅप्टन विशाखा ओगले ढगांतून खाली आली तेव्हा दोन्ही पंखांवरच्या बर्फाची नोंद झाली होती. डावीकडच्याला आणि उजवीकडच्याला 'प्रवास त्रासाचा नाही ना झाला' असंही तिनं विचारलं होतं. मागच्या आसनावर गोदाक्का ढमढेरे मांडीवर डिंकाच्या लाडवांचा डबा घेऊन बसल्या होत्या. लेकीचे दिवस भरले होते, आणि त्या खोऱ्यात आठवड्यातून हे एकच विमान जायचं.

विशाखानं फ्लॅप, म्हणजे पंखांच्या मागच्या कडा, खाली सोडल्या. त्या सोडल्या की वेग कमी करूनही विमान हवेत टिकतं. आज मात्र नाक एकदम दरीकडे वळलं. डबा उडून छताला आपटला. विशाखानं फ्लॅप वर घेतले, होतं नव्हतं ते बळ लावून दांडा ओढला, तेव्हा कुठे नाक सरळ झालं.

"शेपटीवर कुणी आहे का हो?" रेडिओवरून विमानतळाचे अधिकारी काळसेकर यांनी विचारलं.

शेपूट वैमानिकाला दिसत नाही. जो दिसत नाही त्याला विचारायचं राहून जातं; लग्नघरातही असंच होतं.

"आहोत ना," मागून थंड आवाज आला. "पण आम्हाला कोण विचारतंय!"

"माफ करा, चुकून राहिलं," विशाखा म्हणाली. "आता नोंद करते."

"या पंखवाल्यांच्या खाली? राहू द्या. तुम्ही उतरा खुशाल. आम्ही पुन्हा नाक पाडू."

फ्लॅपशिवाय भरधाव उतरावं, तर धावपट्टी आखूड आणि तिच्या टोकाला नदी. हळू उतरावं, तर बर्फ चढलेले पंख अर्ध्या वाटेतच विमान सोडून देणार. घिरट्या घालाव्यात, तर पुन्हा ढगात जायचं, तिथं नवा बर्फ चढणार, आणि त्याचीही नोंद करत बसायचं.

"अगं, हा रुसलाय," गोदाक्का हळूच म्हणाल्या. "आमचे थोरले व्याही असेच. सगळ्यांच्या वरचा मान दे त्याला, नाहीतर पानावर बसायचा नाही."

यादीत सगळ्यांच्या वर एकच रकाना होता, कॅप्टनचा. तिथं नाव लागायला विशाखाला अकरा वर्षं लागली होती.

"अक्का, तिथं माझं नाव आहे."

"ठाऊक आहे गं पोरी," गोदाक्का म्हणाल्या.

विशाखाला राग आला, रडूही आलं. मग तिनं आपलं नाव खोडलं आणि लिहिलं : कॅप्टन, शेपटीवरचा बर्फ. स्वतःचं नाव तिनं प्रवाशांमध्ये, उजव्या पंखाच्या खाली घातलं आणि यादी मोठ्यानं वाचून दाखवली.

मागून तोच थंड आवाज आला.

"उतरूया," कॅप्टन म्हणाले. "वेग जास्तच ठेवा. फ्लॅप थोडेच सोडा. शेपूट मी धरून आहे."

चाकं जोरात टेकली, विमान धावत सुटलं, आणि नदी आठ पावलांवर असताना थांबलं.

काळसेकर हार घेऊन धावत आले. विशाखाला ओलांडून ते शेपटीकडे गेले आणि त्यांनी सलाम ठोकला. विशाखा दोन्ही पंखांच्या मागे, उतरणाऱ्यांच्या रांगेत उभी होती. गोदाक्कांनी तिचा हात घट्ट धरला होता. संध्याकाळी त्यांना नात झाली.

कॅप्टननी हिवाळाभर चोख काम केलं. मार्चअखेर ते वितळले आणि कॅप्टनच्या जागेची जाहिरात निघाली. विशाखानं अर्ज केला. 'बर्फ चढलेलं विमान उतरवण्याचा अनुभव' या रकान्यापाशी ती बराच वेळ थांबली, आणि मग तिनं खरं तेच लिहिलं : एकदा, प्रवासी म्हणून.