नागोरावांचं लाल शेवाळ

या, असं जवळ सरका. उंबऱ्यावरूनच पाणी पिऊन पळायची ही कुठली रीत हो? बसा. आमच्या शेजारच्या नागोरावांची गंमत ऐकूनच जा.

नागोरावांनी खिशातला तो कागद दाखवला न्हाई, असा माणूस आमच्या अख्ख्या मानवत गावात सापडायचा न्हाई. कागदावर लाल, बारीक फांद्याफांद्यांचं काहीतरी चिकटवलेलं, वरून प्लास्टिक. समोरच्याच्या नाकापुढं धरायचं अन् विचारायचं, "सांगा बरं, हे कोण हाय?" 'काय' न्हाई, 'कोण'!

मला वाटलं, लुगड्याच्या काठाचा तुकडा. बियाणाच्या दुकानदारानं तर चष्मा वर करून सांगितलं, "लाल्या रोग पडला की, भाऊ. कापूस कधी लावला होता?" अन् फवारणीची बाटलीच पुढं ठेवली. नागोराव खूश! "चुकलं! समुद्रातलं शेवाळ हाय. जगात कुठंबी जा, भेटतंय. आमच्या शीतलनं धाडलंय."

शीतल त्यांची एकुलती लेक. रत्नागिरीकडं असल्याच शेवाळाचा अभ्यास करायलीय. घरात बोलायचं खातं तिच्या आईकडं होतं. आई वारली, त्याला दोन वर्षं झाली.

रोज सांजच्याला ओट्यावर बापाचा फोन चालतो. भिंत एकच, ऐकू येतंच. कान काय काढून ठेवू? "बाई, ह्याला मूळ न्हाई म्हणतीस, मग खातं कुठून? सगळ्या अंगानं? अन् बसतं कशावर, धोंड्यावर? बरं, लाल हाय तर आत हिरवं कसं? अन् कापसासारखी बोंडअळी लागती का ह्याला?" ती बिचारी पुन्हा पहिल्यापासून सुरू. ऐकून ऐकून माझंच डोकं फिरलं. झाड म्हणावं तर मूळ न्हाई, फूल न्हाई. शेवाळ म्हणावं तर लाल!

शेवटी परवा म्हणलं, "नागोराव, लय झालं. वरीसभर तेच विचारायलात. डोक्यात शिरंना का तुमच्या?"

त्यांनी कागद खिशात ठेवला. इकडंतिकडं बघितलं. "पहिल्या आठवड्यातच शिरलं, अक्का." अन् धडाधडा सगळं म्हणून दाखवलं की!

"मग विचारता कशाला?"

"आधी नुसतं 'जेवलीस का', 'जेवले', 'ठेवू का'. पुढं काय बोलावं, ना मला सुचायचं ना तिला. आता 'समजलं' म्हणलं की ती फोन ठेवती, अक्का. तिला सांगू नका."

मी कशाला सांगते? पण त्यांनी धडाधडा सांगितलं त्यातलं मला काही कळलं न्हाई बघा. लाल असून आत हिरवं कसं? तुमी शिकलेली माणसं. परत लवकर या, नीट समजावून सांगा. अन् एका बैठकीत सगळं नका सांगू.