भरल्या ताटावरचं मौन

शैलजाच्या सासूबाई साखरखेर्ड्याला लेकीच्या बाळंतपणाला गेल्या, आणि दुसऱ्याच दिवशी लक्ष्मीकांतनं ठरवलं, की बायकोला विमलबाईंच्या खाणावळीत जेवायला न्यायचं. ठराव एवढाच. (याहून लहान ठरावांवरून लढाया झाल्या आहेत, पण लढाईत निदान ओरडता तरी येतं.)

"लग्नाआधी, आई गावी होती तवा, मी तिथंच जेवत होतो," तो म्हणाला. "बुलढाण्यात कचेरी नवी हाय, खाणावळ जुनी हाय. तिथला गोळाभात खाल्ल्याबिगर तुले समजणार नाही जेवण म्हंजे काय."

शैलजा रोज दोन्ही वेळा त्याला रांधून घालत होती. ती काही बोलली नाही. नव्या सुनेचं निम्मं शहाणपण यातच असतं.

खाणावळ खरोखरच जुनी होती. शेणानं सारवलेली ओसरी, बसून बसून गुळगुळीत झालेले पाट, आणि भिंतीवर जेवणाऱ्यांच्या पाठींचे तेलकट डाग. (कोणता डाग कोणत्या खात्याचा, हेही लक्ष्मीकांतनं दाखवलं. हा जंगल, हा पोस्ट, हा जमाबंदी.) बाया तिथं कधी जेवत नसत. म्हणून विमलबाईंनी शैलजाचा पाट सैपाकघराच्या उंबऱ्याआत मांडला. तिथून तिला पुरुषांची सगळी पंगत दिसत होती, आणि पंगतीला तिच्या पदराचा काठ.

खाणावळीचा एक नियम होता, विमलबाईंच्या सासूनं घालून दिलेला. जेवणारा तोंडानं 'पुरे' म्हणत नाही तोवर वाढणं थांबायचं नाही. ताटावर आडवा धरलेला हात तिथं चालत नसे. "हात लाजते, तोंड लाजत नाही," असं विमलबाई म्हणत. आणि ताटात अन्न टाकलेलं दिसलं की त्या दिवसभर सुतकात असल्यासारख्या वावरत.

आता मनकर्णाबाईंचा, म्हणजे शैलजाच्या सासूबाईंचा नियम. लक्ष्मीकांत कचेरीत तीन वर्षं हंगामी कारकून होता. तो कायम व्हावा म्हणून त्यांनी आषाढी एकादशीला मुलाला आणि सुनेला जोडीनं नेम धरायला लावला होता. कार्तिकीपर्यंत मुक्यानं जेवायचं. पहिल्या घासाआधी हातावर आपोशनाचं पाणी घेतलं, की ताटावरून उठेपर्यंत शब्द नाही. फार तर 'हूं'. शब्द निघाला, की भरल्या ताटावरून उठायचं, आणि नेमाचं फळ गेलं.

हे दोन नियम एका पंगतीला बसवू नयेत, हे लक्ष्मीकांतच्या ध्यानात यायला हवं होतं. निदान विमलबाईंना आधी सांगायला हवं होतं. पण आपोशनाचं पाणी हातावर पडेपर्यंत तो इतकं बोलला, की नेमकं तेवढंच सांगायचं राहिलं.

विमलबाईंनी भात वाढला, त्यावर डाळीच्या पिठाचे गोळे फोडले, वर हिंगाचं कढत तेल घातलं. त्यानं खाल्लं. त्यांनी पुन्हा वाढला. त्यानं हात आडवा धरला. हाताच्या बाजूनं भात पडला.

"काऊन रे, गप काऊन?"

"हूं."

"हूं काय? बायको आली तं आमच्याशी अबोला धरला का बाप्पा?"

लक्ष्मीकांत मौन पाळत असेल, अशी शंका यायला विमलबाईंना काही कारणच नव्हतं. त्याच्या गप्पांपायी त्यांनी त्याच्या लग्नापर्यंत रोज वरण दोनदा गरम केलं होतं. त्यांनी रागारागानं आणखी वाढलं.

समोरच्या पाटावर कचेरीतले हेडक्लार्क भगवानराव होते. बायको माहेरी गेली, की ते इथं जेवत.

"बरा भेटला तू," ते म्हणाले. "कायम करायसाठी उद्या एक नाव नागपूरले धाडून राह्यलो. तुह्यं, नाहीतर त्या दुसऱ्या हंगामीचं, इंद्रभानचं. तुले पाह्यजे ना जागा?"

लक्ष्मीकांतच्या तोंडात गोळा होता आणि डोळ्यांत पाणी. "हूं," तो म्हणाला.

"हूं म्हंजे? हो का नाही?"

"हूं हूं!" त्यानं मानही हलवली, पण वाढायला वाकलेल्या विमलबाईंच्या आड ती गेली.

"एक हूं म्हंजे हो, तं दोन म्हंजे नाही का बे?" भगवानरावांचा आवाज चढला. "वरच्या माणसाले तोंडानं उत्तर द्यायले लाज वाटते? राहू दे. इंद्रभानच बरा."

उंबऱ्याआत शैलजाचा घास हातातच राहिला. बोललं तर नेम मोडतो आणि जागा जाते. न बोललं तर नेम राहतो, आणि जागा जातेच. हे देवाला कसं समजावावं तिला कळेना. (सासूबाईंना कसं, हा त्याहून अवघड प्रश्न.) तिकडं भाताच्या ढिगावर वाकलेल्या नवऱ्याचे कान तेवढे दिसत होते, लालभडक. ते कान पाहून तिला काय झालं कोण जाणे.

"त्यायचंच नाव घाला," ती म्हणाली.

पंगत थबकली. त्या ओसरीवर परक्या बाईचा आवाज कुणी ऐकलाच नव्हता.

"जेवताना बोलायचं नाही असा नेम हाय आमचा. तुमी त्यायले कायम करावं म्हणून."

आणि ती ताटावरून उठली. गोळाभाताचे दोनच घास तिच्या पोटात गेले होते. (बरा होता. हिंग जास्त.)

भगवानरावांनी ताटातला भात कालवला. "म्हंजे हा इतके दिवस देवाले सांगून राह्यला," ते म्हणाले, "अन् मले एकदा बी नाही. बरं, घालतो." विमलबाईंनी पातेलं खाली ठेवलं. तोंडचं 'पुरे' न ऐकता, त्यांच्या सासूनं नियम घालून दिल्यापासून पहिल्यांदाच. पण वाढलेलं होतं ते लक्ष्मीकांतला संपवावंच लागलं.

परतताना तो सावकाश चालत होता. वाटेत थांबून म्हणाला, "आईले सांगीन, बोललो तो मीच. तुह्यावर काही येऊ देणार नाही." त्या क्षणी तो शैलजाला फार मोठा वाटला. (थोडा पोटामुळेही.)

नागपूरचा हुकूम आला आणि मागोमाग सासूबाई आल्या. जेवायला बसता बसता लक्ष्मीकांतनं शब्द पाळला. "आई, नेम माह्याकडून मोडला. खाणावळीत बोललो मी."

"मले ठाऊकच होतं, तुह्याच्यानं निभणार नाही," मनकर्णाबाई म्हणाल्या. "हे जागा भेटली ते सूनबाईच्या मौनानं." त्यांनी शैलजाची खणानारळानं ओटी भरली आणि तिला नेमातून मोकळं केलं. शैलजानं खरं सांगायला तोंड उघडलं, तर नवऱ्यानं डोळ्यांनीच दटावलं. मग सासूबाई मुलाकडं वळल्या. "तू मात्र पुढच्या आषाढीपर्यंत मुक्यानं जेवायचं. एकट्यानं."

"पण आई, सालभर? अन् खरं म्हंजे तं—"

मनकर्णाबाईंनी त्याच्या हातावर आपोशनाचं पाणी घातलं.