फुलाआक्का बकरथाचला जातात

आमच्या घरमालकीणबाई मला बोकड म्हणतात. रागानं नव्हे, दाढीमुळं. हिंजवडीजवळच्या माणमधल्या त्यांच्या चार मजली इमारतीत आम्ही राहायला आलो, त्या दिवशी त्यांनी माझं नाव दोनदा विचारलं, दोनदा विसरल्या आणि मग माझ्या हनुवटीकडं निरखून बघत म्हणाल्या, "राहू दे. बोकड म्हनलं की ध्यानात ऱ्हाईल." तेव्हापासून जिन्यातून हाक येते, "बोकडा, पानी सोडलंय, भरून घे."

माझी बायको मेघना हिच्या केसांत एक पांढरी बट आहे, म्हणून ती पांढऱ्या पट्ट्याच्या शेळीसारखी 'बांडी'. ती पंधरा दिवस धुमसली आणि मग तिनंच आपल्या फोन नंबरापुढं कंसात 'बांडी' लिहून आक्कांना दिला. आमची आठ वर्षांची ओवी म्हणजे 'करडू'. वरच्या मजल्यावरचा सहा फुटी केरळी इंजिनिअर 'शिंगाळ्या'. त्याला अर्थ ठाऊक नाही. तो हाकेला हसून ओ देतो.

फुलाआक्का पासष्टीच्या आहेत. माहेरी शेळ्यामेंढ्या, सासरी शेळ्यामेंढ्या. माण हे शेतीचं गाव होतं तेव्हा त्यांच्याकडं पन्नासेक शेळ्या होत्या. पुढं गावाच्या शिवारात काचेच्या इमारती आल्या, उरलेल्या तुकड्यावर आक्कांच्या मुलानं खोल्या बांधल्या आणि तो स्वतः महाळुंग्याला सतराव्या मजल्यावर राहायला गेला. शेवटच्या चार शेळ्या खालच्या पार्किंगमध्ये असायच्या. त्याही दोन वर्षांपूर्वी गेल्या. शेळ्या गेल्या, पण राखणीची सवय गेली नाही. संध्याकाळी काठी घेऊन आक्का फाटकाशी बसतात आणि ऑफिसातून परतणारे भाडेकरू मोजतात. साताच्या पुढं कुणी बाहेर राहिलं, तर त्याच्या खोलीतल्या जोडीदाराला फोन करून विचारतात, "तुझ्यातलं एक कुटं चुकलंय?"

गेल्या उन्हाळ्यात आम्ही हिमाचलात जायचं ठरवलं. मुलाबाळांना झेपेल असा सोपा ट्रेक होता. मनालीच्या पुढं एका दरीतून चालत जायचं, बकरथाच नावाच्या कुरणात तंबूत मुक्काम करायचा, दुसऱ्या दिवशी ब्यास कुंड हे हिमनदीचं तळं बघायचं आणि परत. मी हे सगळं जिन्यात आक्कांना रंगवून सांगितलं. हिमनदीला त्यांनी जांभई दिली. तळ्याला मान हलवली. शेवटी म्हणाल्या, "मुक्कामाचं गाव काय म्हनला?"

मी म्हटलं, बकरथाच.

"मी येनार," त्या म्हणाल्या, आणि उठून गेल्या.

मुलानं येऊन समजावलं. तिथं थंडी असते, हवा विरळ असते, तुझं वय काय. आक्कांनी त्यालाच चार मजले चढून दाखवायला सांगितलं. तो तिसऱ्यावर थांबला, तिथं शिंगाळ्यानं त्याला पाणी दिलं आणि विषय संपला. डॉक्टरांनी आक्कांचं सगळं तपासून हरकत नाही असा दाखला दिला. पुढचा महिनाभर आक्का सरावासाठी रोज वीस वेळा जिना चढत होत्या आणि प्रत्येक फेरीला प्रत्येक दार वाजवून नळ बंद आहे का ते विचारत होत्या. आमच्या इमारतीनं त्या महिन्यात वाचवलं तेवढं पाणी कधीच वाचवलं नसेल.

विमानात पहिला प्रसंग घडला. सगळे बसल्यावर हवाईसुंदरी हातातलं छोटं यंत्र टकटक दाबत माणसं मोजत निघाली. आक्कांचे डोळे चमकले. "ही पोरगी मेंढपाळाच्या घरची दिसतीया," त्या मला म्हणाल्या आणि पट्टा सोडून तिच्या मागोमाग स्वतः मोजत निघाल्या. दोघींचा आकडा जुळला नाही. आक्कांचा एकानं जास्त होता. त्या बाईनं हसून त्यांना जागेवर बसायला सांगितलं, पण मनात शंका आली असावी, कारण तिनं पुन्हा मोजलं. सोळाव्या रांगेत एका आईच्या शालीखाली तान्हं बाळ निजलेलं होतं. बाळांचा हिशोब वेगळा असतो, त्यामुळं तिचंही बरोबरच होतं. पण उतरताना तिनं आक्कांना वाकून नमस्कार केला.

प्रत्यक्ष चालायला लागल्यावर आमच्या कुटुंबाचा कळप झाला. आक्कांच्या अंगावर नऊवारी, त्यावर भाड्याचं निळं जाकीट, पायात मुलानं घेऊन दिलेले बूट आणि हातात घरची काठी. ट्रेकिंगची अॅल्युमिनियमची काठी त्यांनी उचलून बघितली आणि छत्रीची दांडी म्हणून परत केली. आमचा वाटाड्या टेकराम पुढं, मग ओवी, मेघना, मी आणि सर्वांत मागं आक्का, हुर्र हुर्र करत. चढावर मी दम खायला खाली बसू लागलो की पाठीत काठीचं टोक यायचं. चढावर बसलेलं जनावर पुन्हा उठत नाही, असं त्यांचं शास्त्र होतं. टेकराम पंधरा वर्षं लोकांना डोंगरात नेतो आहे. तासाभरानं तोही त्यांच्या हुर्रवर चालायला लागला.

समोर बर्फाची शिखरं दिसू लागली तशी मी ओवीला माहिती सांगायला सुरुवात केली. हिमनदी म्हणजे बर्फाची नदी, ती सरकत असते पण आपल्याला दिसत नाही.

"म्हंजी आपल्या हिंजवडीच्या गाड्यांवानी," आक्का मागून म्हणाल्या.

मी पुढं सांगितलं की ही नदी येताना वरचे दगडगोटे घेऊन येते आणि खाली त्यांचे ढीग टाकते. आक्कांनी ते ढीग बघितले आणि हे कुण्या बिल्डरचं काम आहे, असा निकाल दिला. मी माहिती सांगणं थांबवलं.

बकरथाचला पोचलो तेव्हा कुरण हिरवंगार होतं, मधून ओढा वाहत होता, आमचे पिवळे तंबू उभे होते. आक्का कुरणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेल्या आणि परत आल्या. काय शोधताय म्हणून मेघनानं विचारलं, तर म्हणाल्या, काही नाही, पाय मोकळे करते. त्या संध्याकाळी त्या फारशा बोलल्या नाहीत. मला वाटलं, हवा विरळ म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तळ्याकडं निघालो. अर्ध्या तासात दगडांच्या एका उंचवट्याआडून घंटांचा आवाज आला. उंचवटा ओलांडला तर समोर दोनशे-तीनशे शेळ्यामेंढ्या. उन्हाळ्यात वर चरायला येणाऱ्या गद्दी मेंढपाळांचा तो कळप होता. एक म्हातारा मेंढपाळ कळपाबाहेर एका काळ्या शेळीपाशी गुडघे टेकून बसला होता. शेळी विणीला लागली होती आणि अडली होती. म्हाताऱ्यानं टेकरामला सांगितलं की पहाटेपासून असं चाललंय, तिची वेळही ही नव्हे, बाकीच्या थंडीतच व्याल्या.

"एकादी आसतीच तशी. तिला पंचांग कळत न्हाई," असं म्हणत आक्कांनी काठी माझ्या हातात दिली, जाकीट काढून ओवीकडं दिलं आणि बाह्या वर सारल्या. म्हाताऱ्यानं वर बघितलं. त्याला मराठी येत नव्हतं, आक्कांना हिंदी जेमतेम. त्यानं फक्त सरकून जागा दिली.

पुढची वीस मिनिटं मी आयुष्यात विसरणार नाही. आक्का हातानं आत अडकलेलं करडू सोडवत होत्या. म्हाताऱ्यानं शेळीचं डोकं मांडीवर धरलं होतं. शेवटी करडू बाहेर आलं ते लोळागोळा, हलेचना. ओवीनं मेघनाचा हात घट्ट धरला. आक्कांनी बोटानं त्याचं तोंड-नाक साफ केलं, मागचे पाय धरून त्याला हलकेच झुलवलं, मग पदरानं खसाखसा चोळायला लागल्या. चोळतच राहिल्या. म्हाताऱ्यानं नको म्हणून हात हलवला, तरी चोळत राहिल्या. आणि करडू शिंकलं.

टेकराम म्हणाला, ढग यायच्या आत तळं बघून यायला हवं. आक्का म्हणाल्या, "तुमी जा. मला हितं काम हाय."

आम्ही तळं बघून आलो. निळं, नितळ, काठावर बर्फ. फोटो सुंदर आलेत. दुपारी परतलो तेव्हा आक्का दगडाला टेकून बसल्या होत्या आणि करडू शेळीखाली लुचत होतं. म्हातारा चहा गाळत होता. त्यानं टेकराममार्फत सांगितलं की पाट आहे ही, म्हणजे मादी, बाईंनी हवी तर मोठी झाल्यावर घेऊन जावी. आक्का हसल्या आणि त्यांनी नको म्हणून मान हलवली.

उतरताना पहिल्यांदाच त्या माझ्या शेजारून चालत होत्या. मी विचारलं, तळं राहून गेलं, वाईट नाही वाटत?

"तळ्यासाठी कोन आलतं? नावात बकरं हाय म्हनल्यावर आसत्याल आसं वाटलं. काल एक बी दिसंना."

मग मला राहवलं नाही. पार्किंगमधल्या शेळ्यांची तक्रार त्यांच्या मुलाकडं मीच केली होती. ओवीला वासाचा त्रास होतो, असं खोटं कारण देऊन. ते मी आक्कांना सांगितलं.

"म्हाईत हाय," त्या म्हणाल्या. "लेंड्या व्हत्याच की. तुझी गाडी बी घान करायच्या." थोडं चालून पुढं म्हणाल्या, "सकाळी तुमी समदी जाता. इमारत कशी गप्प व्हती. तेवढंच."

तंबूवर पोचल्यावर मेघनानं हात धुवायला गरम पाण्याचा मग आणला, साबण आणला. आक्कांनी पदरानं पुसून घेतलेले हात नाकाशी नेले आणि मग जाकिटाच्या खिशात घातले.

"ऱ्हाऊ दे आजच्या दिस," त्या म्हणाल्या.

जेवणाची ताटं आली. वरणभात होता. आक्कांना हातानंच कालवून खाताना मी तीन वर्षं बघतो आहे. त्यांनी टेकरामला हाक मारून एक चमचा मागून घेतला आणि तो मुठीत धरून, सांडत सावरत, सगळा भात संपवला.